आणू नका, नाहीतर शेवटपर्यंत सांभाळा



आज गोड बोलायचा विचार नाही. दशलक्षण पर्व तोंडावर आलं आहे. गावोगावच्या महिला मंडळांच्या बैठका सुरू झाल्या आहेत आणि सजावटीच्या यादीत यंदाही 'लाल गुझमानिया, कुंड्या अमुक' अशी एक ओळ असणारच. ती ओळ लिहिण्याआधी माझं म्हणणं ऐकून घ्या. पटलं नाही तर खुशाल भांडा, मी इथेच आहे.

गुझमानिया म्हणजे कोणतं झाड ते नाव माहीत नसलं तरी तुम्ही पाहिलेलं असतं. अननसाच्या शेंड्यासारखा पानांचा गोल झुपका आणि मधोमध उभा राहिलेला लाल, केशरी किंवा पिवळा तारा. लग्नाच्या हॉलमध्ये असतं, बँकेच्या काउंटरवर असतं, नव्या फ्लॅटच्या वास्तूला आहेर म्हणून येतं, हल्ली तर संक्रांतीच्या वाणातही येतं. नर्सरीत चार-पाचशे रुपयांना मिळतं आणि घरात सावलीत दोन-तीन महिने जसंच्या तसं लाल दिसतं. म्हणून ते सगळ्यांचं लाडकं. त्याच्या कुळाला ब्रोमेलियाड म्हणतात.

आता माझी तक्रार. हे झाड आपण फुलांचा हार आणावा तसं आणतो. तारा लाल आहे तोवर कौतुक, तो तपकिरी पडायला लागला की कुंडी कचऱ्यात. मंदिराच्या सभागृहात तर तेवढीही वाट पाहिली जात नाही. अनंत चतुर्दशी झाली, मंडप उतरला की मागच्या बोळात तीस-चाळीस कुंड्यांचा ढीग लागतो आणि सकाळी घंटागाडी तो घेऊन जाते. एका गावात नाही, मी हे तीन-चार ठिकाणी पाहिलं आहे. आणि याच दहा दिवसांत आपण काय करतो? हिरवी भाजी सोडतो. कशासाठी? वनस्पतिकाय जीवांची हिंसा जेवढी टळेल तेवढी टाळावी म्हणून. ताटात कोथिंबिरीची काडी चालत नाही, आणि बोळात मुळांसकट जिवंत झाडं टाकलेली चालतात. हे गणित मला कुणीतरी समजावून सांगा.

माझा मुद्दा एवढाच आहे. हे झाड आणूच नका, किंवा आणलंत तर शेवटपर्यंत सांभाळा. फूल असेपर्यंत ठेवायचं आणि मग टाकायचं, हा जो मधला रस्ता आपण काढला आहे, तो श्राविकेला शोभत नाही.

'पण ताई, ते झाड फूल गेल्यावर मरतंच. नर्सरीवाल्यानंच सांगितलं.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आधी त्याचंच उत्तर देते. नर्सरीवाला अर्धं सांगतो. त्याला पुढच्या वर्षी दुसरी कुंडी विकायची असते.

खरं काय आहे ते पाहा. ब्रोमेलियाडचा प्रत्येक झुपका आयुष्यात एकदाच फुलतो, हे खरं. पण फुलून झाल्याबरोबर तो मरत नाही. त्याचं खरं काम तेव्हा सुरू होतं. पानांच्या बेचक्यातून, बुडाशी, त्याला पिल्लं फुटतात. एक, दोन, कधी तीन-चारही. ती पिल्लं मोठी होईपर्यंत मूळ झाड जिवंत असतं आणि आपल्या पानांतलं त्यांना पुरवत असतं. असं ते वर्षभर, कधी दोन वर्षंही चालतं. मग त्याची बाहेरची पानं एकेक करून वाळतात आणि ते सावकाश जातं. पिल्लं वाढतात आणि नीट उजेड मिळाला तर दोन-तीन वर्षांनी तीही फुलतात.

यात आपल्याला नवल वाटायचं कारणच नाही. केळीचं दुसरं काय असतं? केळीला घड एकदाच लागतो. घड उतरला म्हणून शेतकरी अख्खं बेट उपटून उकिरड्यावर टाकत नाही. बुडाशी मुनवे असतात हे आपल्या आज्ज्यांना शाळेत न जाता माहीत होतं. अननसाचंही तेच, आणि अननस तर याच ब्रोमेलियाड कुळातला. पोर्तुगीजांनी तो दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आणला, नावसुद्धा तिकडचंच घेऊन आला, आणि गोव्या-कोकणात असा रुजला की परका वाटत नाही. त्याची पिल्लं लावून बागा होतात. म्हणजे ज्ञान घरात आहे. फक्त कुंडी शोभेची झाली की ते आपण दाराबाहेर ठेवतो.

अजून एक गोष्ट. तो लाल तारा म्हणजे फूल नव्हेच. ती रंगीत पानं आहेत, बोगनवेलीला असतात तशी. खरी फुलं बारीक, पिवळी-पांढरी, त्या लाल पानांच्या आत येतात आणि थोड्याच दिवसांत जातात. आपण ज्याला 'फूल गेलं' म्हणतो तेव्हा खरं तर पानांचा रंग उतरलेला असतो. रंग उतरला म्हणून जिवंत झाड टाकायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि नर्सरीत सगळीच्या सगळी झाडं एकाच वेळी फुललेली कशी असतात, हा प्रश्न कधी पडला का तुम्हाला? ती आपणहून तशी फुलत नाहीत. फळं पिकताना जो वायू सुटतो, इथिलीन, तो किंवा त्याच्यासारखं रसायन दिलं की ब्रोमेलियाडला फूल धरतं. अननसाच्या शेतात हेच करतात, म्हणजे सगळी फळं एकदम काढता येतात. आंब्याच्या अढीत कार्बाइड ठेवतात ते आपल्याला चालत नाही, त्या आंब्याला आपण हात लावत नाही. मग वेळेआधी घाईनं फुलवलेलं झाड सणाच्या मुहूर्तावर हवं असा हट्ट आपण का धरतो? मागणी आपली असते म्हणून ते फुलवलं जातं. हल्ली व्हिडिओत दाखवतात, झाडाला पिकलेल्या सफरचंदासकट पिशवीत बांधा, फूल येईल. येतं, खोटं नाही. पण कशासाठी? ते त्याच्या वेळेला फुलेल. आपल्याला कुठे बाजार गाठायचा आहे?

आता शास्त्राचा आधार देणाऱ्या मैत्रिणींकडे वळते. पहिली म्हणते, 'एकेंद्रिय जीव आहे. त्याच्याबद्दल एवढं काय?' खरं आहे, श्रावकाला स्थावर जीवांची हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. चूल आहे, शेती आहे, पाणी आहे. पण म्हणून ती मनाला येईल तशी करायला मोकळीक आहे, असं कुठेही सांगितलेलं नाही. विनाकारण होणाऱ्या हिंसेला आपल्याकडे स्वतंत्र नावच आहे, अनर्थदंड. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत आणि त्यातल्या प्रमादचर्येत विनाकारण वनस्पती तोडणं हे नाव घेऊन आलेलं आहे. पोटासाठी भाजी चिरणं ही गरज. दहा दिवसांच्या शोभेसाठी झाड आणून अकराव्या दिवशी टाकणं ही गरज आहे का? मग ते कोणत्या खान्यात जातं, तुम्हीच सांगा.

आणखी एक शब्द आठवा, अन्नपाननिरोध. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांतला हा पाचवा. आपल्यावर अवलंबून असलेल्या जीवाचं अन्नपाणी तोडणं. प्रवचनात तो बैलाच्या, गाईच्या, घरी कामाला असलेल्या माणसाच्या उदाहरणानं समजावतात, ते बरोबरच आहे. पण मला विचारायचं आहे की कुंडीतल्या झाडाइतकं परावलंबी दुसरं कोण आहे? जमिनीतलं झाड मुळं लांबवून ओल शोधतं. दावं तोडून पळण्याची आशा निदान बैलाला असते. कुंडीतलं झाड आपण नळ सोडू तेव्हाच पितं. त्याला कुंडीत ठेवलं की त्याची जबाबदारी घेतली. ती अर्ध्यावर सोडता येत नाही.

दुसरी मैत्रीण अगदी उलट टोकाला. 'म्हणूनच मी प्लास्टिकचं आणते. पापच नको.' छान. त्या प्लास्टिकच्या झाडावर धूळ बसते, जाळी होते, कोळी-मुंग्या घर करतात. मग दर महिन्याला तुम्ही ते बाथरूममध्ये नेऊन बादलीभर पाण्यानं धुता. किती जीव वाचले? आणि दोन वर्षांनी रंग उडाला की तेही घंटागाडीतच. शोभा हवी, जबाबदारी नको, हाच विचार तिथेही आहे, फक्त सामान वेगळं.

जिला काहीच ठेवायचं नाही, तिच्याशी माझं भांडण नाही. आरंभत्यागाच्या प्रतिमेपर्यंत पोचलेल्या माताजी-ताईंची गोष्ट तर वेगळीच, त्यांना मी नमस्कार करते. साध्या घरातल्या बाईनंही 'मला झाड सांभाळायला जमणार नाही, मी आणत नाही' असं म्हटलं तर ते पूर्ण उत्तर आहे. सजावटीसाठी रांगोळी आहे, तोरण आहे, धुतलेल्या साड्यांचे पडदे आहेत. न आणणं हा सगळ्यात सोपा त्याग आहे. मी भांडते आहे ते आणून टाकणारीशी.

तिसरा आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे. 'त्या झाडाच्या मध्यात पाणी साचतं. त्यात डास होतात. जैन घरात असं झाड कसं चालेल?' हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकीला माझे दहा पैकी दहा गुण, कारण ती पाण्याकडे जैन डोळ्यांनी पाहते आहे.

ब्रोमेलियाडमधली बरीच झाडं मूळची झाडांच्या फांद्यांवर राहणारी. मुळांचं काम मुख्यतः धरून ठेवण्याचं. पाणी ती पानांनी घेतात, आणि पानांचा झुपका म्हणजे पावसाचं पाणी धरणारी वाटी. अमेरिका खंडातल्या जंगलांत या वाटीवर कितीतरी जीव जगतात. काही बेडूक आपलं पिल्लू पाठीवर घेऊन झाडावर चढतात, त्याला या वाटीत सोडतात आणि पुढे त्याला खाऊ घालायला परत परत येतात. जमैका बेटावर एक खेकडा आहे, त्याची मादी या वाटीतच पिल्लं वाढवते, पाण्यात पडलेला पालापाचोळा काढून टाकते आणि गोगलगायींचे शिंपले आणून त्यात ठेवते, म्हणजे पाणी पिल्लांना मानवतं. वाचताना हात जोडावेसे वाटतात.

पण आपल्या दिवाणखान्यात तो बेडूक येत नाही, तो खेकडा येत नाही. येतो फक्त डास. आणि ही भीती खोटी नाही. त्रिनिदादमध्ये 1940 च्या दशकात झाडांवरच्या ब्रोमेलियाडच्या पाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे हिवतापाची साथ होती. 2016 मध्ये झिकाच्या भीतीनं अमेरिकेत मायामी बीचच्या सार्वजनिक बागांतून ही झाडं काढून टाकली होती. आपल्याकडे डेंग्यू आहेच. एडिस डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस पुरतात, म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं.

मग आपल्यातल्या काहीजणी काय करतात? वाटीत रॉकेलचे थेंब टाकतात, फिनेल टाकतात, डासांचं औषध फवारतात. बाई गं, डास चतुरिंद्रिय जीव. आधी आपणच पाणी साचवून त्याला बोलवायचं, त्याला अंडी घालू द्यायची आणि मग वरून औषध ओतायचं, आणि हे सगळं शोभेसाठी! शिवाय तेलानं ब्रोमेलियाडच्या पानांवरचे पाणी शोषणारे बारीक खवले बुजतात आणि झाडही मरतं. दोन्हीकडून हिंसा. याच्याइतकं चुकीचं दुसरं काही नाही.

उपाय औषधात नाही, यत्नाचारात आहे, आणि तो अगदी सोपा आहे. घरातल्या झाडाच्या वाटीत पाणी साचलेलं ठेवायचंच नाही. सकाळी गाळलेलं पाणी पानांवरून आणि मध्यात घालायचं, संध्याकाळी कुंडी हातात घेऊन झाड आडवं करायचं आणि उरलेलं पाणी दुसऱ्या कुंडीत ओतून द्यायचं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी एकदा, थंडीत आठवड्यातून एकदा पुरतं. पावसाळ्यात हवेतच ओल असते, तेव्हा वाटी कोरडीच ठेवायची आणि कुंडीतल्या मिश्रणाला जेमतेम ओल द्यायची. नर्सरीतल्यासारखं ते फोफावणार नाही, पण आनंदानं जगतं. जिला एवढंही नको, तिच्यासाठी याच कुळात वाटी नसलेली झाडं आहेत. टिलँडसिया नावाची, मातीशिवाय लाकडाच्या ओंडक्यावर राहणारी. ती आठवड्यातून दोनदा ओली करून झटकून उलटी वाळवली की झालं. क्रिप्टँथस आहे, जमिनीलगत ताऱ्यासारखा पसरतो, त्यालाही वाटीभर पाणी धरून ठेवायची सवय नाही.

एवढं सांगितलं तर बाकीची निगाही सांगून टाकते, कारण 'आम्हाला जमत नाही, मरतंच' हेही एक निमित्त असतं.

कुंडीत काळी किंवा तांबडी माती भरू नका. फांदीवर राहणाऱ्या झाडाची मुळं चिखलात कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा लोणारी कोळसा आणि थोडं कोकोपीट, असं भुसभुशीत मिश्रण हवं. कुंडी लहानच बरी. खूप मोठी कुंडी घेतली की ओल धरून राहते.

उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली. आपल्या सांगली-सोलापूरकडच्या एप्रिल-मेच्या पश्चिमेच्या उन्हात पानं एका दुपारी भाजतात. एसीच्या तोंडाशीही ठेवू नका, पानांची टोकं करपतात.

बोअरचं क्षाराचं पाणी टाळा, पानांवर पांढरे डाग पडतात आणि तेच खवले बुजतात. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. खत जवळजवळ नको, आणि वाटीत तर नकोच.

आणि एक गोष्ट द्राक्षाच्या पट्ट्यातल्या मैत्रिणींसाठी खास. तासगावकडे घरोघरी मोरचूद असतं, बोर्डो मिश्रणाचा पंप भरलेला असतो, आणि उरलेलं थोडं कुंड्यांवर मारायची सवय असते. ब्रोमेलियाडला तांबं विषासारखं आहे. त्रिनिदादमध्ये डासांच्या त्या साथीत ही झाडं मारायला फवारलं गेलं ते मोरचूदच. म्हणून तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणीसुद्धा मी या झाडाला देत नाही.

आता पिल्लांचा प्रश्न. 'पिल्लं काढून दुसऱ्या कुंडीत लावायची म्हणजे सुरी लावायची, तो छेद नाही का?' विचारलंत ते बरं केलंत. उत्तर असं की सुरी लावायची गरजच नाही. पिल्लं आईजवळच राहू द्या. उलट ती तशी लवकर वाढतात. आईची जी पानं आपणहून वाळतील तेवढीच हातानं ओढून काढा. हळूहळू आई आक्रसते आणि तिच्या जागी दोन-तीन झाडांचं एक बेट तयार होतं. कुंडी फारच भरली तर मात्र पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झाल्यावर वेगळं करता येतं, त्याआधी नाही. लहान पिल्लू काढलं तर बहुतेक जगत नाही. पण दहापैकी नऊ घरांत ती वेळच येत नाही.

आणि हो, या सगळ्याला लागणारा वेळ मी मोजला आहे. एका झाडाला आठवड्याचे पाच मिनिटं होत नाहीत. 'वेळ नाही' म्हणणाऱ्या बाईनं आपण मोबाइलवर शुभेच्छांचे फोटो पुढे पाठवायला किती वेळ देतो ते एकदा पाहावं.

राहिला शेवटचा आणि सगळ्यात लाडका आक्षेप. 'फूल गेल्यावर त्यात पाहण्यासारखं काय उरतं?'

मैत्रिणींनो, हे वाक्य झाडाबद्दल बोलताना तरी आपण जपून उच्चारावं. फुलायचं काम झालं, पोरं मोठी करते आहे, रंग उतरला आहे, आता हिच्यात पाहण्यासारखं काय उरलं, असं आपल्या घरांत याआधी कुणाकुणाबद्दल बोललं गेलं आहे ते आपल्याला चांगलं माहीत आहे. माझ्या आत्याबद्दल बोललं गेलं होतं. ती शेवटची काही वर्षं मागच्या खोलीत होती, आणि घरातली चारही नातवंडं तिच्याच हातची जेवून मोठी झाली होती. मी झाड आणि माणूस एक करत नाही. इंद्रियांचा फरक मला कळतो. पण सवय एकच असते. उपयोग आणि शोभा संपली की नजरेआड करायचं, ही सवय आपण मुलांसमोर कुंडीपासून लावतो आहोत. मुलं बघतात. ज्या घरात आजी वाळलेलं पान हळूच काढते आणि बुडाशी आलेलं हिरवं टोक नातवाला दाखवते, त्या घरात त्याला जीवदयेवर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

आता मंडळांसाठी माझ्या सूचना. नुसती टीका करून मी उठणार नाही.

एक, यंदा सजावटीसाठी एकही फुललेली कुंडी विकत आणू नका. आपल्यापैकी पन्नासजणींच्या घरी काही ना काही झाडं आहेत. पंचमीच्या आदल्या दिवशी प्रत्येकीनं आपली एक कुंडी, नावाची चिठ्ठी लावून, सभागृहात आणावी. मनीप्लांट असो, तुळस सोडून दुसरं काही असो, फूल असो नसो. चतुर्दशीनंतर जिची तिनं परत न्यावी. मंडप भरेल आणि खर्च शून्य.

दोन, दहा दिवस त्या कुंड्यांना पाणी घालण्याची पाळी लावावी. पूजेची पाळी असते, स्वयंपाकाची असते, तशीच हीही. ती मुलींकडे द्यावी. आणि कुणाच्या कुंडीत पाणी साचत नाही ना, हेही त्यांनीच पाहावं.

तीन, कुणी देणगीदारानं हौसेनं ब्रोमेलियाड दिलेच, तर ते स्वीकारताना वहीत लिहून घ्यावं की पर्वानंतर कोणती कुंडी कुणाच्या घरी जाणार. नाव लिहायला कुणी तयार नसेल तेवढ्या कुंड्या आदरानं परत कराव्यात. दान घेतानाही आपली झेप पाहावी लागते.

चार, वास्तूला, वाणाला झाड देणाऱ्यांनी सोबत एक चिठ्ठी द्यावी. तीन ओळी पुरतात. फूल गेल्यावर टाकू नये, बुडाशी पिल्लं येतील. मध्यात पाणी साचू देऊ नये. सांभाळणं जमत नसेल तर मला परत द्यावं. ही शेवटची ओळ लिहायची तयारी नसेल, तर डबा द्या, रुमाल द्या, झाड देऊ नका.

माझ्याकडच्या खिडकीत आज एक गुझमानियाचं बेट आहे. तिसरी पिढी आहे. गेल्या तीन वर्षांत त्यातला एकच झुपका फुलला. बाकीचे हिरवेच आहेत आणि तसेच छान दिसतात. यंदा मी तीच कुंडी मंदिरात नेणार आहे, हिरवी. कुणी विचारलं 'याला फूल कुठंय?' तर उत्तर तयार आहे.

बोलताना कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. मुद्दा मात्र मी मागे घेत नाही. तुमच्या मंडळाच्या बैठकीत काय ठरलं ते नक्की कळवा.

जय जिनेंद्र.